मी राजमुद्रा नव्हे, पावाचा ठसा

मित्रांनो, मी भाजलेल्या मातीचा एक जुना ठसा आहे, आणि पुढचं काहीही सांगण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो: मी कुठल्याही राजाचा नाही. माझ्यावर मुकुट कोरलेला नाही. मी फर्मानांवर कधी उमटलो नाही की खजिन्याच्या पेट्यांवर उमटलो नाही. मी पावाच्या कणकेवर उमटलो, रोज, एका बाईच्या हातून. हे ऐकून कुणाला वाईट वाटत असेल तर त्याने खुशाल वाईट वाटून घ्यावं. मध्यंतरी मला मखमलीच्या गादीवर बसवून जबरदस्तीने राजमुद्रा ठरवायचा घाट घातला होता, म्हणून माझा आवाज अजून चढलेला आहे. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

मी तुमच्या मुठीत मावेन एवढा. वर धरायला एक जाडसर बोंड, खाली सपाट गोल तळ आणि त्या तळात खोल कोरलेलं एक डाळिंब. सध्या माझा मुक्काम बहारीनमध्ये, अदलिया भागातल्या एका बंगल्यात आहे. शेजारी कॅफे आहे, समोर गाड्या लावायला जागा मिळत नाही म्हणून लोक हॉर्न वाजवत बसतात. मला मराठी कशी येते, असं तुम्ही विचाराल. या बंगल्यात दोन मराठी बायका काम करत होत्या आणि दिवसभर त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. कान देऊन ऐकत बसलो आणि शिकलो.

माझा जन्म हजार वर्षांपूर्वीचा. आज ज्याला स्पेन म्हणतात त्या देशाच्या दक्षिणेला कॉर्डोबा नावाचं शहर आहे. आम्ही त्याला कुर्तुबा म्हणत असू. तिथं मुसलमान खलिफांचं राज्य होतं आणि त्या सगळ्या मुलखाला अंदलुस असं नाव होतं. त्या शहराबद्दल तुम्ही पुस्तकांत वाचाल तेव्हा लाल-पांढऱ्या कमानींची मशीद भेटेल, कारंजी भेटतील, हजारो ग्रंथांची ग्रंथालयं भेटतील. ते सगळं खरं आहे. पण ते ग्रंथ वाचणाऱ्यांनाही सकाळी भूक लागत होती, आणि त्यांच्या भुकेचं काम आमच्याकडे होतं.

मला एका कुंभाराने सुरया करून उरलेल्या मातीतून घडवलं. माझी मालकीण आमना त्याच्यासमोर उभी राहून सूचना देत होती. तिच्या अंगणात विहिरीपाशी डाळिंबाचं झाड होतं, म्हणून तिला डाळिंबच हवं होतं. कुंभाराला पान सोपं वाटत होतं. त्याने दोनदा पान काढून दाखवलं आणि दोनदा तिने ते अंगठ्याने पुसून टाकलं. शेवटी त्याने मुकाट्याने डाळिंब कोरलं, वरच्या तुऱ्यासकट, आणि मला सुरयांच्या मध्ये ठेवून भाजून काढलं.

ठसा कशाला हवा, तेही सांगतो. कुर्तुब्यात घरोघरी भट्टी नव्हती. गल्ल्या अरुंद, घरं भिंतीला भिंत लावून, आगीची भीती. म्हणून प्रत्येक वस्तीत एक मोठी भट्टी असे. बायका घरी कणीक मळत, गोळे लाकडी फळीवर मांडत, वर कापड टाकत आणि फळी भट्टीवर पाठवत. भट्टीवाला आपली मजुरी म्हणून प्रत्येक फळीवरचा एक गोळा ठेवून घेई. चाळीस-पन्नास घरांचे पाव एकाच आगीत भाजले जात. मग बाहेर काढल्यावर माझा कुठला आणि तुझा कुठला? त्यासाठी प्रत्येक घराचा आपला ठसा होता. आमनाच्या घरचं डाळिंब. यहुदी रंगाऱ्याच्या घरचं द्राक्षाचं पान. ख्रिस्ती चांभाराच्या घरचा मासा.

यहुदी लोकांना शनिवारी चूल पेटवायची नसे, म्हणून रंगाऱ्याची बायको शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मांसाचं आणि हरभऱ्याचं भांडं आणून भट्टीच्या कडेला ठेवून जाई. ते निखाऱ्यांवर शिजत राही. चांभाराच्या घरी उपवासाचे चाळीस दिवस आले की मांसाचे समोशासारखे सांबुसे बंद होत आणि फक्त पाव येई. रमजानात आमच्या पावावर तीळ चढत. ही सगळी बिऱ्हाडं भट्टीच्या दारात एकत्र उभी राहत आणि एकमेकांच्या फळ्यांना नावं ठेवत.

तो स्वर्ग होता असं मी तुम्हाला सांगणार नाही. खोटं बोलायला मी काही पोस्टर नाही. ख्रिस्ती आणि यहुदी लोकांवर वेगळा कर होता, काय नेसावं आणि कशावर बसावं याचे नियम होते, ते कधी ढिले पडत तर कधी आवळले जात. भट्टीवर भांडणंही होत आणि भांडण पेटलं की धर्म निघे, जात निघे, आजोबा निघत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फळ्या त्याच दारात येत, कारण भट्टी एकच होती. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमना विधवा होती. ती ग्रंथांच्या नकला करून पोट भरायची. कुर्तुब्यात तेव्हा कागदाला आणि चांगल्या अक्षराला मोठी मागणी होती आणि बऱ्याच बायका हे काम करत. ती पहाटे कणीक मळायची, मला चार गोळ्यांवर दाबायची, माझ्यासकट फळी पाठवायची आणि हात धुऊन लिहायला बसायची. पण हात कधी पुरते धुतले जात नसत. माझ्या बोंडावर तिच्या शाईचे डाग पडत आणि तिच्या ग्रंथांच्या पानांत पिठाची कणी सापडे. एकदा बाजाराचा निरीक्षक भट्टी तपासायला आला. कणीक मळणाऱ्याच्या बाह्या आवळलेल्या आहेत का, तोंडावर फडकं आहे का, हे पाहणारा तो कडक माणूस. त्याने एक पाव मोडून चाखला आणि विचारलं, हे डाळिंब कुणाचं? त्या दिवशी मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

मग यादवी झाली. गादीसाठी खलिफाचे नातेवाईक आपसात लढले आणि शहराला वेढा पडला. पिठात आधी मसूर आली, मग ओकच्या झाडाची फळं. चार गोळ्यांचे दोन झाले, दोनाचा एक झाला. भट्टी आठवड्यातून एकदाच पेटू लागली. शेवटच्या दिवशी आमनाने उरलेल्या कण्या मळून एकच गोळा केला, मला त्यावर दाबलं आणि फळी पाठवायला कुणी उरलं नव्हतं म्हणून मला घेऊन स्वतः भट्टीवर आली. गोळा आत गेला तेवढ्यात आरडाओरडा झाला. ती दौत आणि एक वही छातीशी धरून पळाली. मी भट्टीच्या तोंडाशी पडलो, माझ्या खाचांत तिची कणीक होती, आणि आगीच्या धगीने ती माझ्यातच भाजून काळी झाली. पुढे छप्पर पडलं आणि त्यावर माती.

किती वर्षं मी जमिनीखाली होतो ते मोजलं नाही. पाण्याचे नळ टाकायला कुणीतरी खणलं तेव्हा बाहेर आलो. मग वर्तमानपत्रात गुंडाळला गेलो, खोक्यांतून फिरलो, फुटक्या वाडग्यांच्या ढिगात पडून राहिलो. शेवटी कुर्तुब्याच्या बाजारात बहारीनच्या एका प्रवासी व्यापाऱ्याने मला त्या ढिगातून उचललं. त्याला डाळिंब आवडलं, एवढंच कारण. त्याने मला आपल्या टेबलावर कागदांवर ठेवायला घेतलं. मी काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक आहे असा आवही त्याने आणला नाही. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तो गेल्यावर त्याची मुलगी लतीफा हिने बंगल्याच्या तळमजल्यावर वडिलांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली ही बाई ताठ कण्याची आणि सरळ बोलणारी. प्रदर्शनाचा विषय अंदलुस. मांडणी करायला तिने फराज नावाच्या माणसाला बोलावलं. फराज वाईट नव्हता, घाईत होता. त्याला प्रदर्शनासाठी एक 'हिरो' हवा होता. त्याने मला उलटं केलं, डाळिंबाचा तुरा पाहिला आणि ओरडला, "मुकुट!" दोन दिवसांत बंगल्याच्या फाटकावर माझा पुरुषभर उंच फोटो लागला आणि खाली सोनेरी अक्षरं: अंदलुसच्या सुलतानाची राजमुद्रा.

मी काय करणार? ठशाला तोंड नसतं, तळ असतो. पण खरा घोर पुढेच होता. फराज म्हणाला, खाचांत काळी घाण साचली आहे, फोटोत वाईट दिसते. गुरुवारी एक माणूस येईल, मशीनने आणि औषधाने ती काढेल, मग खाचांत सोनेरी पूड भरू म्हणजे मुकुट उठून दिसेल. मित्रांनो, ती घाण नव्हती. ती आमनाची शेवटची कणीक होती. या जगात आमनाचं म्हणून उरलेलं तेवढंच होतं, आणि गुरुवारी ते खरवडलं जाणार होतं.

आता त्या दोन बायका. पहिली खदिजा, वय बावन्न, मूळची रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीकडची. उम्म अल हस्समला तिचं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. कपाटांच्या आतून मखमल लावायला आणि माझ्यासाठी लाल गादी शिवायला फराजने तिला आणलं होतं. वर्षातली अर्धी कामं तिला फराजच मिळवून देत असे. दुसरी अ‍ॅग्नेस, पस्तिशीतली, वसईची, राहायला सनाबिसला. ती बंगल्यातलं ऑफिस सांभाळायची: पत्रं, वस्तूंच्या पाट्या, कामगारांचे व्हिसा, कुणाची लीव्ह, सगळं तिच्याच गळ्यात.

सोमवारी खदिजाने गादीचं माप घ्यायला मला तळहातावर उलटं केलं. टेप बाजूला ठेवली. खाचेत करंगळीचं नख घालून खोली पाहिली, मग चक्क वास घेतला.

"काय गो अ‍ॅग्नेस, ह्याला राजाचा शिक्का कोण म्हणाला?"

"फराज सर. का?"

"डोंबलाचा राजा. हा पावाचा ठसा आहे."

अ‍ॅग्नेस टायपिंग करता करता थांबली. "खदिजाआपा, प्लीज. पोस्टर लागलंय, इन्विटेशन गेलीत. खलास."

पण खदिजा आता थांबणारी नव्हती. दापोलीला तिच्या लहानपणी घरी ओव्हन कुणाकडे असणार? ईदच्या आधी सगळ्या घरांतून रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बायका बेकरीत जात, तिथंच नानकटाई वळत आणि पत्रे भट्टीत लावत. दिवाळीला हिंदूंची रांग, ईदला मुसलमानांची, आणि दोन्ही सण जवळ आले की बेकरीवाल्याला पळता भुई थोडी. पत्रे बदलू नयेत म्हणून प्रत्येक घराची नानकटाईवर खूण. खदिजाच्या आईची खूण दोऱ्याच्या लाकडी रिळाची, शेजारच्या गुंडू मास्तरांच्या घरची काट्याच्या चार रेघांची.

"एका वर्षी रीळ घरी विसरली," खदिजा सांगत होती. "अम्मा म्हणाली, असू दे, हातातली बांगडी दाबू. बांगडीची खूण ती काय, नुसती वरवर. नानकटाई फुलली आणि खूण गायब! आमचा पत्रा मास्तरांच्या घरी गेला आणि ईदला आम्ही त्यांची वेलदोडा नसलेली नानकटाई खाल्ली. अब्बा पूर्ण दिवस तोंड पाडून. त्या दिवसापासून अम्मा सांगायची, पिठावरची खूण खोल पाहिजे. पीठ फुगतं, वरवरचं सगळं गिळून टाकतं."

अ‍ॅग्नेस हसत सुटली. "आमच्याकडे क्रिसमसला केकचे डबे असेच जायचे गं बेकरीत. एकदा कुणाचा तरी करपलेला आमच्या घरी आला. मम्मी आजही त्या शेजारणीवर संशय घेते." मग ती गंभीर झाली. "तू मॅडमला सांगत का नाहीस?"

"माझं कोण ऐकतंय? मी दर्जीण. आणि फराज सरांनी उद्या काम बंद केलं तर दुकानाचं भाडं तू भरणार?"

तिने मला खाली ठेवलं आणि गादी बेतायला घेतली. मी मनातल्या मनात तिला किती शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत. ओळखलंस आणि गप्प बसलीस? न ओळखणाऱ्यावर मी रागावलो नव्हतो. तिच्यावर रागावलो.

मंगळवारी तिने गादी शिवली. बुधवारी कडेला जरीची दोरी लावली, मग उसवली, परत लावली. अ‍ॅग्नेसने विचारलं तर म्हणाली, टाका नीट बसत नाही. टाका उत्तम बसला होता, मी पाहत होतो.

गुरुवारी सकाळी साफ करणारा माणूस आला. त्याने टेबलावर ब्रश, औषधाची बाटली आणि सुईसारखं टोक असलेलं मशीन मांडलं. फराज कॅमेरा लावत होता. लतीफा खुर्चीवर बसली होती. फराजने खदिजाकडे हात पुढे केला. "गादी."

खदिजाने गादी पोटाशी धरली.

"मॅडम, एक मिनट," ती लतीफाला म्हणाली. बहारीनच्या जुन्या घरांतल्या माणसांना हिंदी चांगली येते आणि लतीफाला तर फारच चांगली येते. "ये गादी मैं नहीं दूँगी."

"क्यों? कम पडा कपडा?"

"नहीं. ये राजा का नहीं है. ये रोटी का है."

पुढचं बोलणं हिंदीतच झालं, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो. फराज आधी हसला. आता दर्जीण आपल्याला इतिहास शिकवणार का, असं त्याने विचारलं. लतीफाने त्याच्याकडे न पाहताच म्हटलं, "फराज, खलास. तिला बोलू दे." वर्गातल्या दंगेखोर पोराला गप्प करावं तसा तो आवाज होता.

खदिजा गादीसकट टेबलापाशी आली. तिने बेकरी सांगितली, रीळ सांगितलं, बांगडी सांगितली. मग फराजला म्हणाली, "सर, राजाचा शिक्का लाखेवर मारतात ना? मग आणा लाख. तापवा आणि हा दाबून दाखवा."

"वेड लागलंय का?" फराज उसळला. "एवढ्या खोल खाचा आहेत. लाख आत जाऊन बसेल, निघणारच नाही. ओढलं तर तुटेल!"

आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं होतं. साफ करणाऱ्या माणसाने मशीनचं बटण हळूच बंद केलं.

"मग राजा कसा दाबत होता?" खदिजाने विचारलं.

लतीफा उठली. पीठ आहे का कुठे, तिने विचारलं. अ‍ॅग्नेस "यल्ला, चला" म्हणत चप्पल घालतच शेजारच्या कॅफेत पळाली. तिथला स्वयंपाकी प्रवीण तिच्या ओळखीचा होता. तिने पिझ्झ्याच्या पिठाचे दोन गोळे आणले आणि मागोमाग काय चाललंय ते बघायला प्रवीणही आला. फराज शेवटचं एकदा म्हणाला की हजार वर्षांची वस्तू अशी वापरत नाहीत. तो चुकीचं बोलत नव्हता, हे मी मान्य करतो. पण ज्याने माझ्या अंगाला मशीन लावायला माणूस बोलावला त्याने हे बोलावं?

"माझ्या बाबांची वस्तू आहे," लतीफा म्हणाली. "तुटली तर मी तोडली. मी दाबते."

खदिजाने पिठाला हात लावून पाहिला, थोडा मैदा भुरभुरला आणि मान हलवली. लतीफाने मला उचललं. एका गोळ्यावर तिने तिच्या बोटातली वडिलांची शिक्क्याची अंगठी दाबली. ती खरीखुरी, पत्रांवर उमटवायची, नाव कोरलेली अंगठी. दुसऱ्या गोळ्यावर मला.

मित्रांनो, हजार वर्षांनी माझ्या तळाला कणीक लागली. गार, मऊ, थोडी चिकट. मला रडू आलं. मातीला पाणी सुटत नाही म्हणून कुणाला दिसलं नाही, एवढंच.

गोळे मे महिन्याच्या उन्हात खिडकीत ठेवले. बहारीनच्या उन्हात पीठ फुगायला वेळ लागत नाही. मग प्रवीणने ते ओव्हनमध्ये घातले. फराज येरझाऱ्या घालत होता, अ‍ॅग्नेस ओठ चावत होती, खदिजा अजून गादी धरूनच बसली होती. चूक निघाली तर आपलं काय होईल, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

प्रवीण ताट घेऊन आला. अंगठीचा पाव गुळगुळीत झाला होता, नाव नाही, रेघ नाही. माझ्या पावावर डाळिंब होतं. कडा फुगून आणखी ठसठशीत झाल्या होत्या, आणि वरचा तुरा फुलून असा पसरला होता की त्याला मुकुट म्हणायची कुणाची टाप नव्हती. कुर्तुब्यात कुणीही शेंबडं पोर पाहून सांगू शकलं असतं की हा विहिरीपाशी डाळिंब असलेल्या आमनाचा पाव आहे.

लतीफाने पाव मोडला, एक तुकडा आधी खदिजाला दिला आणि मग साफ करणाऱ्या माणसाला म्हणाली, "तुम्ही चहा घ्या आणि घरी जा. ते काळं तसंच राहील."

फराजने पावाचा तुकडा चघळत सांगितलं की राजमुद्रा बघायला गाव लोटेल, पावाचा ठसा बघायला कुत्रंही येणार नाही. लतीफा म्हणाली, पोस्टर उतरवा. त्याने उतरवलं. नंतर तो खदिजाशी चार दिवस बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी हॉलच्या पडद्यांचं माप घेऊन तिच्या दुकानात हजर झाला. तिच्याएवढा चांगला टाका त्याला दुसरीकडे मिळत नव्हता.

माझी नवीन पाटी अ‍ॅग्नेसने टाइप केली. मी खदिजाच्या हातात होतो, म्हणून मला सगळं दिसत होतं. पावाचा ठसा, भाजलेली माती, कुर्तुबा. कुठल्या तरी घरातल्या बाईचा, नाव माहीत नाही. मग अ‍ॅग्नेसने पुढची ओळ टाइप केली: ओळख पटवली, खदिजा, उम्म अल हस्सम.

"माझं नाव कशाला घालतेस?" खदिजा म्हणाली.

"ज्याने ओळखलं त्याचं नाव येतं, आपा. पुस्तकांत पण तसंच असतं."

फराज मागून म्हणाला की निदान 'वस्त्रतज्ज्ञ' असं काहीतरी लिहा, बरं दिसेल. खदिजाने मान वर केली. मी तिला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"दर्जीण लिही गो अ‍ॅग्नेस. मोठ्या अक्षरांत लिही. दर्जिणीने ओळखला."

तसंच लिहिलं आहे. तुम्ही आलात तर वाचाल. मला मखमलीची गादी नाही, एका साध्या लाकडी फळीवर मी बसलेलो आहे आणि माझ्या खाचा काळ्या आहेत. गर्दी माझ्यापाशी नसते, ती तलवारींपाशी असते. फराजचं तेवढं खरं निघालं.

म्हणून जाताजाता एक मागणं. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू पुसा, सांभाळा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगतो. त्यांना उगाच मोठं करू नका. आजीची परात ही परातच असू द्या, तिला कुठल्या राणीच्या महालात नेऊन ठेवू नका. नाहीतर आजी कायमची पुसली जाते. आणि तुम्ही जे हातांनी शिकलात ते बोलून दाखवा, समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो. गप्प बसलात तर माझ्यासारख्याचा संताप होतो.

परवाच एक गृहस्थ माझ्यापाशी आले, पाटी वाचली आणि बायकोला म्हणाले, "हॅट, हा तर नुसता पावाचा ठसा!" आणि तलवारींकडे गेले. जा बाबा, जा. या हजार वर्षांत राजावाचून जगलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पावावाचून जगलेला एक तरी माणूस मला आणून दाखवा.